सगळ्यांचा वाढदिवस एक जून

परवा तुमच्यापैकी थोरलीने फोनवर विचारलं, "आजी, शाळेच्या प्रोजेक्टसाठी मी एका जागतिक संस्थेच्या वेबसाइटवर भारताचा तक्ता बघतेय. सहा वर्षांची किती मुलं पहिलीत, सात वर्षांची किती दुसरीत, सगळं दिलंय. एवढ्या मुलांची वयं त्यांना कोण सांगतं?"

मी म्हटलं, "मी."

ती हसली. तिला तो आजीचा विनोद वाटला. धाकट्याने मागून ओरडून विचारलं, "सगळ्या भारताची?" सगळ्या भारताची नाही रे बाबा, पेण तालुक्याची. पण बाकीच्या तालुक्यांतही माझ्यासारखं कोणीतरी बसलेलं होतंच. फोनवर हे सगळं सांगायचं तर तुमच्याकडे सकाळ होऊन शाळेची वेळ झाली असती, म्हणून बसून नीट लिहून काढते आहे. समास सोडला आहे.

आधी त्या तक्त्याचं. जगातल्या प्रत्येक देशाची शाळा वेगळी. कुठे पाचव्या वर्षी सुरू होते, कुठे सातव्या. कुठे चौथीला प्राथमिक संपतं, कुठे सहावीला. मग तुलना करायची कशी? म्हणून त्या संस्थेने सगळ्या जगासाठी एकच कपाट तयार केलं. त्याला खण पाडले आणि प्रत्येक देशाला सांगितलं, तुमची मुलं आमच्या खणांत बसवून पाठवा. ते पत्र दिल्लीला यायचं. दिल्लीहून पुणे, पुण्याहून अलिबाग, आणि अलिबागहून पेणच्या पंचायत समितीत, शिक्षण विभागात, माझ्या टेबलावर. प्रत्येक मुक्कामाला त्याला दोन पानं जास्तीची जोडली जायची. माझ्याकडे येईपर्यंत तो फॉर्म दिवाळी अंकाएवढा जाड झालेला असे.

हे काम माझ्याकडे येण्याचं कारण एवढंच की माझं शिक्षण मुंबईत इंग्रजी शाळेत झालेलं होतं. लग्न होऊन रोह्याला आले, नोकरी लागली पेणला. रोज सकाळी एसटी, कोलाड, खांब, नागोठणे, वडखळ करत पेण. फॉर्मच्या मूळ इंग्रजी पानावर काय लिहिलं आहे हे ऑफिसात फक्त मला कळायचं, आणि ते मी कोणाला विसरू देत नसे. माझ्याकडे लाल पेन्सिल होती. शाळांकडून आलेल्या तक्त्यात बेरीज चुकली की लाल गोल, रकाना रिकामा राहिला की लाल फुली. तुमचे आजोबा म्हणायचे, "हिच्या हातून सुटेल तो मुख्याध्यापक अजून जन्माला यायचाय." ते रोह्यालाच कंपनीत होते, शिफ्टमध्ये. मी त्यांच्या डब्याच्या पिशवीवरही तारीख घालते असं त्यांच्या मित्रांना सांगत. ते खोटं आहे. फक्त लोणच्याच्या बरणीवर घालते.

एका वर्षी शिक्षणाच्या फॉर्मला संस्कृतीचा फॉर्म जोडून आला. वस्तुसंग्रहालयं किती, ग्रंथालयं किती, नाट्यगृहं किती आणि त्यांची आसनसंख्या. मी तो सगळ्या मुख्याध्यापकांना पाठवला. बहुतेकांनी शून्य लिहून सुटका करून घेतली. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीच्या बाजूच्या एका गावातल्या गुरुजींनी मात्र लिहिलं: "नाट्यगृह: एक. गावदेवीसमोरचं पटांगण. आसनसंख्या: ओहोटी असल्यास सर्व गाव. उधाणाची भरती असल्यास निम्मे, कारण मागच्या रांगांत पाणी येते."

मी लाल गोल केला आणि लिहिलं, "एकच संख्या द्यावी."

गुरुजींचं उत्तर आलं, "नाटक कोणत्या तिथीला आहे ते जागतिक संस्थेने कळवल्यास देतो."

अशी आमची ओळख. गुरुजी उंच, काटकुळे, दोन्ही खिशांत खडू. त्याच एका शाळेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. गावात मिठागरांवर राबणारी आणि भातशेती करणारी माणसं. नंतर डोलवीकडे कंपनी आली तेव्हा पोरं तिकडे लागली. त्यातल्या प्रत्येकाला सहीपुरतं नव्हे, चांगलं लिहायला वाचायला गुरुजींनी शिकवलेलं.

आता मुख्य गोष्ट. त्यानंतरच्या वर्षी संस्थेला मुलांची वयं हवी झाली. प्रत्येक इयत्तेत कोणत्या वयाची किती मुलं, हा मोठा चौकोनी तक्ता. उभ्या रांगेत वयं, आडव्या रांगेत इयत्ता. मी परिपत्रक काढलं आणि शेवटी ठळक अक्षरांत सूचना दिली: केवळ शाळेच्या रजिस्टरमधील जन्मतारखेप्रमाणे वय काढावे. तर्क करू नये.

तक्ते आले. शाळेत मुलं असतात तशी त्यात दिसत होती. पहिलीत बरीच सहाची, एखादं पाचचं, दोनचार सातची, एखादा आठ वर्षांचा घोडा. चौथीत नऊ-दहाची, एखादं अकराचं. मी खूश. मग गुरुजींचा तक्ता उघडला. पहिलीतली सगळी मुलं सहा वर्षांची. दुसरीतली सगळी सात. तिसरीतली सगळी आठ. तक्त्यातून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ, आणि बाकी सगळीकडे भोपळे. फूटपट्टी लावून काढल्यासारखी. मी शाळेचं रजिस्टर मागवलं. पान उलटलं. एक जून. एक जून. एक जून. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गावातलं प्रत्येक मूल एक जूनला जन्मलेलं.

मी लाल पेन्सिल उचलली आणि तक्त्यावर लिहिलं, "जन्मतारखा बनावट. चौकशी व्हावी."

हे लिहायला मला जेमतेम पाव मिनिट लागलं असेल. कागद साहेबांच्या टेबलावर गेला. आमचे साहेब कागद वाचत नसत, फक्त लाल अक्षरं वाचत. त्यांनी गुरुजींना कारणे दाखवा नोटीस काढली. आठवड्याने गुरुजी पेणला ऑफिसात आले. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, हे तुमचं अक्षर?"

"हो."

"छान आहे. मुलांना गिरवायला द्यावं असं." मग म्हणाले, "मला निवृत्त व्हायला एक वर्ष राहिलंय. चौकशी चालू असताना निवृत्त झालो तर काय होतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. पेन्शन अडकते. त्याहून वाईट म्हणजे सेवापुस्तकात नोंद राहते. इतक्या वर्षांची नोकरी, आणि शेवटच्या पानावर 'बनावट'.

मी ताठ बसून म्हटलं, "गुरुजी, पण एका गावातली सगळी मुलं एकाच तारखेला कशी जन्मतील?"

"नाही जन्मत," गुरुजी म्हणाले. "पण तुम्ही लिहिलंत रजिस्टरप्रमाणे काढा, तर्क करू नका. मी नाही केला." त्यांनी टोपी घातली आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेले.

त्या संध्याकाळी घरी मी हे सांगितलं. माझ्या सासूबाई पाटावर बसून पावटे सोलत होत्या. त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात.

"अगं, मग आमच्या ह्याचा वाढदिवस कधीचा धरलायस?" त्यांनी आजोबांकडे बोट दाखवलं.

"एक जून," मी म्हटलं. तुमच्या आजोबांच्या वाढदिवसाला लग्न झाल्यापासून दर एक जूनला मी श्रीखंड करत होते. उन्हाळा असल्यामुळे चक्का आंबू नये म्हणून पहाटे उठत होते.

"कसला गो एक जून! भात झोडणीत झाला तो. खळ्यावरून उठून आले मी. थंडी काय ती! जूनमध्ये म्हणे. शाळेत घालायला नेला तर मास्तर म्हणाला तारीख सांगा. मी म्हटलं, मला काय ठाव? मग त्यानेच घातली."

मी आजोबांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"श्रीखंड मिळत होतं," ते म्हणाले. "आणि तू इतकी नेमाने करायचीस, म्हटलं कशाला तुझा तक्ता बिघडवा." मग म्हणाले, "आमच्या कंपनीत जा एक जूनला. अर्धी शिफ्ट एकमेकांना पेढे देत असते. नवा साहेब आला होता मुंबईहून, त्याने विचारलं, तुम्ही सगळे जुळे की काय?"

मला त्या रात्री हसू आलं नाही. मला आठवत होते ते बाकीचे तक्ते, जे मी 'समाधानकारक' म्हणून पुढे पाठवले होते. दुसऱ्या दिवशी मी पेणजवळच्या दोन शाळांत न सांगता गेले आणि रजिस्टरं उघडायला लावली. तिथेही एक जून. एखाददुसरी सव्वीस जानेवारी किंवा पंधरा ऑगस्ट. बाकी सगळं एक जून.

"मग तक्त्यात आठ वर्षांचा मुलगा पहिलीत कुठून आला?" मी विचारलं.

त्यांतल्या एका शाळेचे हेडमास्तर तरुण होते. लाजून म्हणाले, "मॅडम, सगळी एका रेघेत दिसली असती तर तुम्ही लाल केली असती. म्हणून जरा इकडे तिकडे टाकली. भाजीत मीठ टाकतो तशी, चवीपुरती."

म्हणजे ज्यांनी तक्ते बनवले त्यांचे माझ्याकडून पास झाले, आणि ज्या एकट्याने माझी सूचना अक्षरशः पाळली त्याला मी नोटीस दिली होती. हे मी साहेबांना सांगायला गेले. साहेबांनी हात वर केला. "बाई, आता नको. पुढच्या आठवड्यात त्या संस्थेच्या बाई येताहेत. परदेशी. आकडे खाली कसे गोळा होतात ते बघायला. त्या जाऊ देत, मग बोलू."

"त्या कुठल्या शाळेत जाणार?"

साहेबांनी कागद पुढे केला. पाहुण्यांना खाडीच्या बाजूची, गुरुजींचीच शाळा हवी होती, कारण त्यांनी मागवून घेतलेल्या आमच्या तालुक्याच्या शाळावार तक्त्यांत तीच एक त्यांना फार विचित्र वाटली होती.

जीपमध्ये पुढे साहेब, मागे परदेशी बाई आणि दुभाषी म्हणून मी. बाई साधारण माझ्याच वयाच्या. सुती झगा, पायात मजबूत बूट, हातात वही. वहीत समास आखलेला पाहून मला त्या लगेच आवडल्या. शाळेत गुरुजींनी मुलांना अंगणात बसवलं होतं. वर्गात एक टेबल, त्यावर रजिस्टर. दाराशी तीनचार आया उभ्या, कडेवर पोरं, मिठागरावरून तशाच आलेल्या, पोटऱ्यांवर मिठाचा पांढरा पापुद्रा.

बाईंनी रजिस्टर उघडलं. दोन पानं उलटली. दहा पानं उलटली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, "या गावात बाकीचे अकरा महिने लोक काय करतात?"

मी ते मराठीत सांगितलं. दारातल्या एका बाईने पदर तोंडाला लावला. दुसरी म्हणाली, "काम करतो म्हनावं! सांग गो तिला. अकरा महिने मिठात आनि भातात, वेल कोनाला हाय?"

मी तेही इंग्रजीत सांगितलं. परदेशी बाई खळखळून हसल्या. साहेब हसले नाहीत. ते पुढे झाले आणि मला मराठीत म्हणाले, "सांगा त्यांना, ही या मुख्याध्यापकांची वैयक्तिक चूक आहे. नोटीस दिलेली आहे. चौकशी करून कारवाई होईल. बाकी सगळा तालुका व्यवस्थित आहे."

गुरुजींनी ते ऐकलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, त्यामुळे मी आता काय सांगते ते त्यांना कळणार नव्हतं. ते फक्त माझ्या तोंडाकडे बघत होते, वर्गातल्या मुलाने कविता म्हणायला उभं राहावं आणि मास्तरांनी बघावं तसे.

मी इंग्रजीत म्हणाले, "साहेब म्हणतात ही एका माणसाची चूक आहे. पण मी रजिस्टरं पाहिली आहेत. ज्या शाळेत जाल तिथे हेच आहे. फरक एवढाच की बाकीच्यांनी तक्ता सुंदर करून पाठवला आणि यांनी रजिस्टरात होतं तेच पाठवलं. आमच्या तालुक्यातून तुमच्याकडे गेलेलं मुलांचं प्रत्येक वय अंदाजाचं आहे. आणि त्या सगळ्या तक्त्यांवर 'तपासले' म्हणून सही माझी आहे."

साहेबांना इंग्रजी कामापुरतं येत होतं. माझं दुर्दैव असं की एवढं समजायला तेवढं पुरलं. त्यांच्या मानेपासून कानांपर्यंत लाली चढताना मी पाहिली.

बाईंनी वही मिटली. "मग खरी वयं कोणालाच माहीत नाहीत?"

मी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी टेबलाचा खण ओढला आणि एक जाडजूड वही काढली. "रजिस्टर सरकारचं," ते म्हणाले, "ही माझी."

त्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे, आईने शाळेत आणलं त्या दिवशी काय सांगितलं ते लिहिलेलं होतं. 'नारळी पौर्णिमेच्या उधाणाला. त्या वर्षी मीठ उशिरा पडलं.' 'बांधाला खांड पडून शेतात खारं पाणी शिरलं त्याच्या दुसऱ्या वर्षी, लावणीत.' 'थोरल्या बहिणीच्या हळदीच्या दिवशी.' बांध कोणत्या वर्षी फुटला, मीठ कधी उशिरा पडलं, ते गुरुजींनी वहीच्या पहिल्या पानावर क्रमाने मांडून ठेवलं होतं. त्यावरून वय निघत होतं, महिन्याच्या फरकाने.

"मग रजिस्टरात हे का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"रजिस्टरात दिवस, महिना, वर्ष असे तीन खण आहेत, बाई. उधाण कुठल्या खणात घालू? आणि जूनला सहा पूर्ण दाखवल्याशिवाय पोर पहिलीत बसत नाही. एक जून घातली की बसतं. माझ्या मास्तरांनीही तसंच केलं होतं. माझीही एक जूनच आहे."

दारातली बाई मधेच म्हणाली, "माझ्या पोराचं बरोबर लिवलंय ना गुरुजी? उधानाच्या आदल्या दिशी. दुसऱ्या दिशी नाय."

"आदल्या दिवशीच आहे," गुरुजी म्हणाले. परदेशी बाईंनी मला तिचं म्हणणं विचारलं, आणि मी सांगितल्यावर ते त्यांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी इतकी वर्षं फॉर्मच्या मूळ पानावर तळटिपेत छापलेली होती आणि जी माझ्याशिवाय कोणाला वाचताच येत नव्हती. आकडा अंदाजाचा असेल तर त्याच्यापुढे तशी खूण करायची सोय होती. "तुमच्या देशातून अशी खूण करून कधीच काही येत नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं, किती पक्के लोक आहेत. अंदाज असेल तर अंदाज म्हणा. आम्ही रागावत नाही."

परतताना वडखळच्या नाक्यावर साहेब फक्त एवढं म्हणाले, "सही तुमची आहे, तर दुरुस्तीही तुम्हीच करा."

मी केली. तालुक्यातल्या सगळ्या शाळांचे वयाचे तक्ते परत मागवले आणि प्रत्येक आकड्यापुढे माझ्या हाताने 'अंदाजे' लिहिलं. गुरुजींच्या नोटिशीवर लांब टिपण लिहिलं की ज्या गोष्टीबद्दल नोटीस काढली आहे ती परिपत्रकातल्या सूचनेचं पालन आहे, परिपत्रक माझं आहे, आणि 'बनावट' हा शेरा मी मागे घेत आहे. टिपण साहेबांच्या टेबलावर सहा महिने पडून होतं. मी दर सोमवारी जाऊन ते वरच्या कागदांच्या वर ठेवत असे. त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात साहेबांनी लिहिलं की बाई काम नेटकं करतात, पण आकड्यांबाबत अनाठायी शंका घेतात. वरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. तुमचे आजोबा म्हणाले, "अंदाजे मिळाली असती." त्या रात्री मी त्यांच्या ताटात लोणचं वाढलं नाही.

नोटीस रद्द झाल्याचं पत्र मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघालं. टपालाने पाठवलं तर वेळेत पोचणार नाही म्हणून ते घेऊन मीच गेले. वर्षभरात निवृत्त व्हायचे त्यातले बहुतेक शिक्षक एकतीस मेला एकदम निवृत्त होतात, कारण सगळे एक जूनचे. पंचायत समितीत त्या दिवशी नारळ आणि शाली कमी पडत. गुरुजींनी आपला निरोप समारंभ शाळेतच ठेवला होता. पत्र वाचून त्यांनी चार घड्या केल्या आणि खडूच्या खिशात ठेवलं.

"पेन्शनचे कागद भरायचेत," ते म्हणाले. "तुमचं अक्षर चांगलं आहे."

आम्ही वर्गात टेबलाशी बसलो. बाहेर गावातल्या बायका चहा करत होत्या आणि साखर किती घालायची यावरून भांडत होत्या. मी नाव लिहिलं, गाव लिहिलं. जन्मतारखेपाशी थांबले.

"खरी कधीची?" मी विचारलं.

"आई म्हणायची, मोठा बांध फुटला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. हिशेब केला तर मी अजून छप्पन्नचा आहे." ते हसले. "दोन वर्षं राहिलीत माझी शिकवायची. पण ती मागायला गेलो तर पुन्हा चौकशी लागेल."

मी एक जून लिहिलं. तालुक्यातल्या सगळ्या आकड्यांपुढे 'अंदाजे' लिहून माझी बोटं दुखली होती. या एकापुढे लिहिलं नाही. खाली 'तपासले' म्हणून सही केली, आणि गुरुजींनी टिपकागदाने ती नीट टिपून घेतली.